मागच्या बाजूचा खालचा नट

"आणि नट कुणी आवळला ते तुम्हाला नुसतं बोट लावून कळतं म्हणे. खरं का खोटं?"

मी दारातूनच विचारलं. मोटरसायकल स्टँडवर लावायचंही भान नव्हतं. ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

बाबालालचाचा बशीत चहा ओतत होते. पूर्ण ओतला. मग वर बघितलं.

"कळतं," ते म्हणाले.

"आजवर कधी चुकलात?"

"न्हाई."

"एकदाबी?"

"चहा घेणार?"

बाबालाल मुजावर. कोल्हापुरात उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं उतरवलेला माणूस. जीप, ट्रक, शर्यतीच्या गाड्या, सगळं. आता हात थरथरतात म्हणून गॅरेज मुलाच्या हवाली केलंय आणि स्वतः दारात स्टूल टाकून बसतात. लोक त्यांच्याबद्दल काहीही सांगतात. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस मोठा होतोच, त्यात काय.

मी खिशातून तीन नट काढले आणि स्टुलावर टाकले.

"सांगा."

चाचांनी चष्मा काढला. लावला नाही, काढला! मला हसूच आलं.

पहिला नट त्यांनी अंगठ्याखाली फिरवला.

"याला मोठ्या मापाचा पाना लावलाय. कोपरे गेलेत."

दुसरा.

"याला पक्कड."

तिसरा हातात घेतला आणि त्यांनी तोंड कडू केलं.

"याला छिन्नी लावून हातोडा मारलाय. नटानं काय घोडं मारलं होतं?"

"कुणी केलं ते सांगा ना!"

"तिन्ही एकाच माणसाचे." त्यांनी चष्मा लावला. "हात बघू."

मी हात पुढं केले. बोटांची सालटी गेलेली, नखं काळी, एका बोटाला आईच्या जुन्या साडीची चिंधी.

"तुझे."

माझं हसू कुठं गेलं कळलं नाही.

"नाव काय?"

"धैर्यशील."

चाचांचा चहा बशीत हिंदकळला.

"कुणी ठेवलं?"

"आत्यानं."

"आत्याला एकदा भेटायला पाहिजे."

आत गॅरेजमध्ये कोणीतरी खो खो हसलं. एरवी मी भांडलो असतो. पण मला आता भांडायला वेळ नव्हता. हा माणूस खरा होता! मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"चाचा, आत्ताच्या आत्ता चला. उद्या टेम्पो येणार. गाडी सुरूच होत नाही, म्हणजे होते पण टिकत नाही, चढते पडते चढते पडते आणि फट्! बंद. मी सगळं बदललं. प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप बदलला, टाकी धुतली, कार्बोरेटर दोनदा खोलले…"

"कसली गाडी?"

"दोन सीटची. लाल. वरचा कापडी टप मागं पडतो. तीस वर्षांची आहे, पण चाचा, बसलात तर जमिनीला टेकल्यागत वाटतं, आणि…"

"कुणाची?"

…

"दादाची," मी म्हणालो.

चाचांनी बशी खाली ठेवली.

दादा म्हणजे इंद्रजित. घरी जितू. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, फाउंड्रीत फिटर. ही गाडी त्याला पन्हाळ्याच्या एका बंद बंगल्यामागं सापडली. आत कोंबड्या बसायच्या. पहिल्या दिवशी त्यानं सीटखालून चार अंडी काढली आणि आईला आणून दिली. म्हणाला, "बघ, कामाला लागलीसुद्धा."

तीन वर्षं, प्रत्येक रविवारी. पैसे देऊन कुणाकडून काही करून घ्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. तळाचा पत्रा सडलेला, तो त्यानं कापून नवा रिव्हेटनं ठोकला. दाराची कडी टेम्पोची बसवली. सीटची रेक्झिनची खोळ आईनं शिवली. मी नववीत शाळा सोडलेली, मला दुसरं काम नव्हतं. मी टॉर्च धरायचो. टॉर्च हलली की ओरडा खायचो.

मग दसरा आला. पहाटे गाडीला हार करायला झेंडू आणायला म्हणून तो सायकलवरून मंडईकडं गेला. वाटेत ट्रक.

एवढंच.

त्याला तीन महिने झाले. शेडमध्ये गाडीवर चादर टाकलेली आहे. आई रोज सकाळी झाडू घ्यायला शेडचं दार उघडते आणि चादरीखालचा तो आकार बघते. गेल्या आठवड्यात ती बाबांना म्हणाली, "चादर घेऊन कुणीतरी झोपल्यागत दिसतं. मला रोज बघवत नाही. चालू झाली तर राहू दे. नाहीतर न्या तिला."

बाबांनी रविवारचा टेम्पो सांगितला. आज शनिवार होता.

चाचा उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवला.

"दोन गोष्टी," ते म्हणाले. "एक. मी काम करणार न्हाई. बोट लावीन फक्त. दोन. तुझ्या मागं बसतो, पण चाळिसाच्या वर गेलास तर उतरणार."

"थांबवू का मी तेव्हा?"

"न थांबवता उतरणार."

मी अडतीसनं गेलो. जन्मात पहिल्यांदा. कसबा बावड्यापर्यंत चाचा एक शब्द बोलले नाहीत. घरासमोर उतरल्यावर म्हणाले, "तुझी चेन ढिली हाय."

मी शेडचं दार उघडलं आणि चादर ओढली.

चाचा बघत राहिले. लाल रंग, लांब नाक, गोल दिवे. टप मागं पाडलेला असल्यामुळं ती नेहमी कुठंतरी निघाल्यासारखी दिसते.

"वा," ते हळूच म्हणाले.

त्या एका शब्दानं मी उडालोच! बोनेट उघडलं, टॉर्च लावली, बॅटरी जोडली, हे दाखव ते दाखव.

"चाचा, आता सांगा. कुठला कुणाचा. लावा बोट."

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. हात इंजिनावर ठेवला. थरथरणारा हात लोखंडाला लागला आणि थांबला. खरंच थांबला, मी बघितलं.

"हा तू."

"बरोबर!"

"हा तू. हा तू. हा तर तू आणि तुझा राग."

"बरोबर, तो पंपाचा, तो…"

"हा तो."

माझी टॉर्च त्या नटावर गेली.

"कशावरनं?"

"कोपरे सहाच्या सहा शाबूत. जेवढा पाहिजे तेवढाच आवळलाय. याच्यापुढं अर्धा फेरा जाता आला असता, पण गेला न्हाई." बोट सरकलं. "हाबी तो. हाबी. हा तू. हा तो."

काय सांगू! मी टॉर्च घेऊन गाडीभोवती धावायला लागलो. चाचा, हा बघा. चाचा, हे चाक बघा. हा स्टिअरिंगखालचा, इथं वाकून बघा. आणि प्रत्येक ठिकाणी चाचा बोट ठेवायचे आणि सांगायचे, हा तो, हा तो, हा तो. दादा सगळीकडं होता. दाराच्या बिजागरीत, सीटच्या पायात, दिव्याच्या कडीत. तीन महिने मी त्याच गाडीपाशी बसत होतो आणि मला तो कुठंच सापडत नव्हता.

"आता बास," चाचा म्हणाले. "सुरू कर."

मी चावी फिरवली. इंजिनानं घसा खाकरला आणि धरलं. आवाज चढला, पडला, चढला, पडला.

"बघा! हेच! हेच करते!"

"पाय नको काढू. रबराचा पाईप हाय का? हातभर."

जुन्या स्कूटरचा पेट्रोलचा पाईप खिळ्याला लटकत होता. चाचांनी त्याचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं इंजिनाच्या कडेनं फिरवायला लागले. डॉक्टर छातीवरून फिरवतो तसं. या सांध्यावर, त्या सांध्यावर. एका जागी हात थांबला.

"ये. ऐक."

आता कार्बोरेटरवरची रेसची दांडी त्यांनी हातानं ओढून धरली आणि मी पाईप कानाला लावला.

स्स्स्स्स्…

"हवा ओढतीया!" मी ओरडलो. "चाचा, हवा ओढतीया इथनं!"

फट्. इंजिन बंद पडलं. पण मला कळलं होतं! दोन्ही कार्बोरेटर एका ओतीव नळीवर बसतात आणि ती नळी इंजिनाला चार नटांनी धरलेली असते. त्यातला मागच्या बाजूचा, खालचा. त्या फटीतून फुकटची हवा आत जात होती. एवढंच दुखणं!

चाचांनी हात खाली घातला. बराच खाली, कोपरापर्यंत. डोळे मिटले.

…

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"भावाचा."

"ढिला पडला असेल. गाडी हादरते ना."

"पडला न्हाई. आवळलाच न्हाई. बोटानं फिरवून बसवलाय, वर पान्याचे दोन हलके झटके दिलेत. आणि माणूस उठून गेलाय."

"दादा असं नाही करणार."

"उठून गेलाय," चाचा म्हणाले.

मला राग आला. दादाचं काम? अर्धवट? मी सगळी गाडी खोलून बघितली होती. फक्त या चार नटांना हात लावला नव्हता, कारण ते दादानं लावलेले होते. दादानं लावलेलं तपासायचं कशाला?

आणि मग एकदम आठवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. नळीखाली नवं पॅकिंग टाकलेलं. तीन नट झालेले. मी टॉर्च धरलेली. आणि आई दारात, हातात पाट घेऊन.

"जितू, हत्यारं दे. उद्या पूजेला मांडायचीत, धुऊन पुसून ठेवू दे मला."

"आई, एकच नट राहिलाय."

"एकच राहिलाय तर राहू दे. दसऱ्यानंतर लाव."

दादा हसला. पाना पुसला, आईच्या हातात दिला आणि उठला.

मी हे चाचांना सांगितलं. नीट सांगता आलं नाही.

चाचांनी मान हलवली.

"लाव मग," ते म्हणाले. "दसरा होऊन गेला."

मी नव्या पान्यांची पेटी उघडली. लखलखीत सेट, बाजारातून आणलेला. एक पाना लावला, तो बॉडीला अडला. दुसरा इंजिनाला अडला. तिसरा नटावर बसला, पण फिरवायला जागाच नाही. बोटाची चिंधी सुटली. रक्त आलं. मी कापायचं ग्राइंडर उचललं.

"काय करालाईस?"

"बॉडीला भोक पाडतो! फायबरच आहे, मागनं बुजवता येईल."

"भाऊ भोक पाडून पोचायचा का?"

"त्याचा पाना होता. भट्टीत लाल करून स्वतः वाकवलेला. एक वळण वर, एक आडवं."

"कुठाय?"

मी बोलून गेलो होतो. आता मागं घेता येईना.

मी फळीकडं बोट केलं.

शेडच्या मागच्या भिंतीला फळी. तिच्यावर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर दादाची हत्यारं ओळीनं. हळदीकुंकू वाळून गेलेलं. खंडेनवमीच्या झेंडूंचा भुगा झालेला. दसऱ्याला अक्षता टाकून पूजा हलवायची, मग हत्यारं उचलायची, असं आमच्याकडं. त्या दसऱ्याला कुणी हलवली नाही. मग कुणीच हलवली नाही. बाबा एकदा पक्कड घ्यायला गेले तर मी त्यांचा हात धरला होता. माझ्या बापाचा.

"तुम्ही घ्या ना, चाचा," मी म्हणालो. "तुम्ही घेतलात तर चालेल."

"मला काय करायचाय? मी नट आवळणार न्हाई, म्हटलंय मी."

"मला नाही जमणार."

"मग टेम्पोला जमंल."

चाचा पालथ्या डब्यावर बसले. तंबाखू काढली, चुना काढला, मळायला लागले. हात पुन्हा थरथरत होते. तंबाखू सांडत होती.

…

…

आई चहा घेऊन आली. ग्राइंडर बघितलं, माझं बोट बघितलं, उघडं बोनेट बघितलं.

"काय झालं? नाही होत?"

"होतंय," चाचा म्हणाले. "एक नट राहिलाय, बाई."

आईचा हात कपावर थांबला. तिला सांगावं लागलं नाही. तिनं चहा ठेवला आणि आत गेली. मला वाटलं आता रडायला गेली.

ती परत आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. माझ्या तळव्यावर तिनं ती उघडली. तांदळाचे आठदहा दाणे.

"मीच घेतला होता त्याच्या हातातनं पाना," ती म्हणाली. "हलव पूजा."

मी दाणे टाकले. पाट बोटभर सरकवला. फुलांचा भुगा खाली पडला. मग पाना उचलला.

हातात घेतल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी धावतच गाडीपाशी गेलो. आता काय, झालंच! दादाचा पाना, दादाचा नट! हात खाली घातला, पाना नटावर चपखल बसला, टक् असा आवाजसुद्धा आला. "बसला! आई, बसला!"

मी फिरवला.

फिरला नाही.

दांडा बॉडीला अडत होता. मी काढून पुन्हा घातला. उलटा करून घातला, तर नटावर बसेचना. पुन्हा सुलटा. बसतो, पण फिरत नाही. पुन्हा. पुन्हा.

"दादाचाच पाना आहे हा!" मी चाचांवर ओरडलो. "हाच आहे! मी स्वतः बघितलंय!"

चाचांनी तंबाखू गालात सरकवली.

"वाकडा झाला असेल! व्हाइसमध्ये धरून थोडा इकडं वाकवतो…"

मी पाना व्हाइसच्या जबड्यात आवळलासुद्धा. हातोडा उचलला.

"जेवायला कुठल्या हातानं बसायचा तुझा भाऊ?" चाचांनी विचारलं.

हातोडा माझ्या हातात तसाच राहिला.

आईनं तोंडाला पदर लावला. पण ती रडत नव्हती, हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"डाव्या," ती म्हणाली. "ह्याच्या बाबांनी किती मारलं. पंगतीत लाज आणतो म्हणायचे. उजव्यानं दोन घास खायचा, आणि कुणाचं लक्ष नसलं की पुन्हा डाव्यानं."

"चाचा, तुम्हाला कसं कळलं?"

"ज्या बाजूनं आवळलंय ते सगळं उलट्या हाताचं हाय. मगाशीच कळलं."

"मग मगाशीच सांगायचं ना!"

"पाना तुझ्याकडं कुठं होता मगाशी?"

मी पाना व्हाइसमधून काढला.

डाव्या हातानं मी कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. पाना त्या हातात चमच्यासारखा लटपटत होता. मी दिव्याच्या बाजूनं वाकलो, नाही जमलं. काचेच्या बाजूला गेलो, तिकडं डोकं केलं, गाल बोनेटच्या कडेवर टेकवला. डावा हात खाली सोडला.

आणि कोपर एका जागी जाऊन बसलं.

आतल्या कडेला रुपयाएवढी जागा होती, रंग उडून गुळगुळीत झालेली. मी ती कधी बघितली नव्हती. टॉर्च धरणाऱ्याला ती दिसत नाही, मधे दादाचं कोपर असायचं.

मी पाना नटावर घातला. टक्.

फिरवला.

फिरला! नखाएवढा. काढला, पुन्हा घातला, पुन्हा नखाएवढा. काढायचा, घालायचा, नखाएवढा. हाताला घाम आला. मला ओरडावंसं वाटत होतं, सगळ्या जोरानं एकदाच ओढून टाकावंसं वाटत होतं, पण त्या हातात जोरच नव्हता. घाई करायला हातच नव्हता माझ्याकडं.

"भांडू नको," चाचा लांबून म्हणाले.

"नाही भांडत."

नखाएवढा. नखाएवढा. मग नट जड झाला. आणखी एकदा. मग एकदम पक्का. अजून अर्धा फेरा गेला असता. मला माहीत आहे, गेला असता.

मी हात बाहेर काढला.

"झाला," मी म्हणालो.

"सुरू कर."

मी सीटवर उडीच मारली. चावी फिरवली.

इंजिनानं घसा खाकरला… आणि धरलं. आवाज चढला. मी श्वास धरून ठेवला. आता पडेल, आता पडेल. नाही पडला! तसाच राहिला, जाडसर, गोल, एकसारखा. शेडचा पत्रा थरथरायला लागला. चहाचे कप बशीत नाचायला लागले. मी पाय दिला आणि ती अशी ओरडली की शेजारच्या वाड्यातली कुत्री धावत आली. पाय काढला, पुन्हा तीच चाल, धग धग धग धग, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

"आई! आई! आई!"

मला दुसरा शब्दच येईना. मी हॉर्न वाजवला. हॉर्न दादानं बसमधला लावला होता, गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. मी उतरलो, चाचांना मिठी मारली, त्यांची टोपी पडली, ती उचलली, झटकली, उलटी घातली.

आईनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. टेम्पोची कडी अडकते, ती तिनं वर उचलून उघडली, म्हणजे तिला माहीत होतं. पदर कानामागं खोचला आणि सीटवर बसली. स्वतः शिवलेल्या खोळीवरून तिनं एकदा हात फिरवला.

"बाबांना फोन कर," ती म्हणाली. "टेम्पो नको म्हणावं. आणि मला नदीपर्यंत ने. हळू."

"चाळीसनं?"

"तिसानं."

मी बोनेट लावलं, सीटवर बसलो, गिअरला हात लावला, निघायला म्हणून. आणि मला ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, सकाळपासून तेच तर मनात होतं! मी गाडी बंद केली, खाली उतरलो, बोनेट पुन्हा उघडलं.

"चाचा, एक राहिलं."

"आता काय?"

"बोट लावा."

"अरे, गरम हाय ते."

"थांबतो."

मी थांबलो. आई गाडीत बसून थांबली. शेजारची माणसं फाटकापाशी थांबली. लोखंड निवताना टिक टिक आवाज करत होतं.

मग चाचांनी चष्मा काढला. हात खाली घातला, कोपरापर्यंत. मागच्या बाजूच्या खालच्या नटावर त्यांचं बोट गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"सांगा," मी म्हणालो. "हा कुणी आवळला?"

चाचांनी बोट एकदा फिरवलं. सहा कोपरे. पुन्हा एकदा फिरवलं. डोळे मिटले.

…

…

"आता न्हाई कळत," ते म्हणाले.